सोमवारचा पाणउतारा

आमच्या क्लासच्या वेळापत्रकात सोमवारी नऊ ते पावणेदहा भौतिकशास्त्र, पावणेदहा ते साडेदहा पाणउतारा आणि साडेदहाला नाश्ता, असं छापलेलं होतं. वर लॅमिनेशन. बिलोलीहून आलेल्या एका पोरीनं पहिल्याच दिवशी पाणउताऱ्यासाठी वेगळी वही केली होती, दोनशे पानी. तिला कुणी हसलं नाही, कारण आमच्यातल्या बहुतेकांना तो शब्द ठाऊकच नव्हता. आमच्याकडं इज्जत काढतात, भादरतात, धुतात. माणूस फारच शिकलेला असेल तर इन्सल्ट करतो. पाणउतारा करणारं कुणी आमच्या ओळखीत नव्हतं.

लातुरात आलो आणि ओळख झाली.

क्लासचं नाव उत्तुंगवेध, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा. संचालक अमृतराव सर. ते भौतिकशास्त्र शिकवायचे, पण जीव त्यांचा जुन्या मराठी शब्दांवर. पाणउतारा या शब्दाची त्यांनी आम्हाला पहिल्याच सोमवारी फोड करून सांगितली. म्हणाले, पूर्वी गावात कुणी माजला की पाणवठ्यावरून येताना चारचौघांत त्याच्या डोक्यावरची घागर उतरवून घ्यायचे. पाण्याचा उतारा, म्हणून पाणउतारा. "म्हणजे ही आपली संस्कृती आहे," सर म्हणाले, "मी फक्त ती जपतो." माजलेला पुरुष मुळात डोक्यावर घागर घेऊन का चालला होता, हे विचारावंसं वाटलं. पण क्लासमध्ये शंका फक्त गुरुवारी विचारायच्या असत.

क्लासमध्ये चार बॅचेस होत्या. हिरा, सोनं, तांबं आणि लोखंड. मी लोखंडात होतो. माझ्या शेजारी नांदेडचा शहेबाज बसायचा. तोही लोखंड, पण त्याच्या बाबतीत ते खानदानी होतं. त्याचे अब्बा, गफूरचाचा, देगलूर नाक्याकडच्या एका गल्लीत विळे, कात्र्या आणि अडकित्ते बनवायचे, जुन्यांना धार लावायचे.

पाणउताऱ्याची रीत अशी. रविवारी सगळ्यांची परीक्षा. सोमवारी चारी बॅचेस मोठ्या हॉलमध्ये, म्हणजे चारशे पोरं. मग शेवटचे दहा जण एकेक करून स्टेजवर. सर डाव्या हातात मोबाईल धरायचे, उजव्या हातात माईक, पोराच्या घरी फोन लावायचे, फोन स्पीकरवर टाकायचे आणि त्याचं तोंड माईकच्या तोंडाला लावायचे. पलीकडून आई किंवा बाप "हॅलो" म्हणायचा आणि ते हॅलो चारशे जणांवर आदळायचं. सरांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"घरात माणसं किती?"

समजा पलीकडून आलं, सहा. सर आमच्याकडं वळायचे. "ऐका रे. सहा जणांनी मिळून लातुरात एक गाढव बांधलंय. रोज चारा पाठवतात." चारशे जण हसायचे. हसलंच पाहिजे असा नियम नव्हता, पण न हसणारा पुढच्या सोमवारी वर दिसायचा, असा अनुभव होता. मग सर त्या माणसाला विचारायचे, काय करू याचं? आणि तो माणूस, शेतात असो, दुकानात असो, एसटीच्या स्टिअरिंगवर असो, म्हणायचा, "हाणा सर त्याला. तुमच्या पायाशी दिलाय." आणि शेवटी म्हणायचा, "थँक्यू सर."

मला सरांचा राग यायचाच. पण त्या थँक्यूचा त्याहून जास्त यायचा. मी गालाच्या आतली बाजू दातात धरून बसायचो. नाश्त्याला पोहे असायचे, ते तिखट लागायचे.

आता माझी अडचण सांगतो. माझे आबा, म्हणजे वडील, शेषेराव, माईकसमोर बोलू शकत नाहीत. बोलायला लाजतात असं नव्हे. माईकची ती घूं ऐकली तरी त्यांच्या अंगाला काहीतरी होतं. गावात सप्ताह बसला की ते शेताकडं निघून जातात. त्यांच्या स्वतःच्या लग्नात अक्षतांना माईक नव्हता; भटजींचा घसा बसला, तो आमच्याकडं अजून चेष्टेचा विषय आहे.

त्याचं कारण आबांनी कधी सांगितलं नाही. त्यांना वाढवणाऱ्या आत्यानं, केवळाबाईनं सांगितलं, तेही शेंगा फोडता फोडता. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात आबांचे आई, वडील आणि धाकटी बहीण गेली. आबा पंधरा वर्षांचे. चौथ्या दिवशी मदतीचा तंबू लागला. माणशी एक कंबल. टेबलामागच्या साहेबानं विचारलं, घरात माणसं किती? आबा म्हणाले, चार. लबाडी नव्हती. जन्मापासून कुणीही विचारलं की तेच उत्तर होतं, तोंडात बसलेलं. साहेबानं चार कंबलं दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं मेलेल्यांची यादी लावून पाहिली आणि लाऊडस्पीकरवरून आबांचं नाव पुकारलं. सगळा गाव रांगेत उभा होता. साहेब माईकवर म्हणाला, "या हरामखोराकडं बघून घ्या. आईबापाच्या चितेवर कंबलं कमावतो." मग पुन्हा विचारलं, घरात माणसं किती? आबांना माईकमध्ये "एक" म्हणायला लावलं. तीन वेळा म्हणायला लावलं, मागं ऐकू गेलं नाही म्हणून. मग आबांनी तीन कंबलं घड्या घालून परत केली.

केवळाबाई म्हणाली, "घड्या लई नीट घातल्या लेकरानं."

तेव्हापासून आबांना कुणीही सरकारी आवाजात हा प्रश्न विचारला की ते एक म्हणतात. घरात आम्ही चौघं आहोत: आबा, आई, मी आणि सुकन्या, माझी बहीण. जनगणनेच्या वेळी आई घरी नसती तर देशाच्या दप्तरी माझा जन्मच झाला नसता.

तर मला आबांना सोमवारपासून वाचवायचं होतं. बाकी डॉक्टर वगैरे नंतर बघता आलं असतं.

अभ्यास करणे हा एक उपाय होता. तो मी करून बघितला. शेवटून तिसावा होतो, तो एकविसावा झालो, मग चौदावा. आकडा नीट उतरत होता, स्टेजकडं. मग एका गुरुवारी सुट्टी आली आणि मी शहेबाजबरोबर अहमदपूर-लोहा करत नांदेडला गेलो.

गफूरचाचा चाकावर बसले होते. समोर एक गिऱ्हाईक सुरी घेऊन उभं होतं. बाजारात कुणीतरी इलेक्ट्रिकच्या मशीनवर धार लावून दिली होती. पात्याच्या कडेला एक सुंदर निळी रेघ आली होती, मोराच्या पिसासारखी. मला आवडली. चाचांनी ती पाहिली आणि शिवी दिली.

"पाणी उतारा इसका. कौन उतारा?"

"काय झालं?" मी विचारलं.

"मरलं हे पातं."

मी म्हणालो, "चाचा, हा शब्द आमच्या वेळापत्रकात आहे." आणि सोमवारची सगळी रीत सांगितली. घागरीची गोष्टही सांगितली. चाचांनी चाक थांबवलं.

"कुठली घागर बेटा? येडा हाय का तुझा मास्तर?" त्यांनी सुरी माझ्यापुढं धरली. "लोखंड लाल करायचं, पाण्यात बुडवायचं. छन्न होतं. ते पाणी त्याच्या पोटात ऱ्हातं, मग दिसत न्हाई. पण त्याच्यावरच पातं कापतं. मग येतो असा एक गडबड्या. चाकावर दाबून धरतो. ठिणग्या उडतात. लोक बघतात, वा, क्या कारीगर है. आन् ठिणग्या उडता उडता पातं निळं पडतं. निळं पडलं की पाणी उतरलं. मग ते दिसतं पात्यासारखं, पण वांग्यालाबी भितं."

"मग चूक पात्याची?"

"पात्याची कशी असंल? हात कुणाचा होता?"

नंतर मी लातूरच्या वाचनालयात कोशही उघडला. त्यात पाणी म्हणजे तेज, अब्रू, असं दिलं होतं. मोत्याचं पाणी, तलवारीचं पाणी. ते उतरवणं म्हणजे पाणउतारा. घागर नव्हती. चाचांनी तर त्या दिवशीच आमच्या कोशाच्याही पुढं जाऊन सांगितलं की अब्रू हा शब्द मुळात आबरू, आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. "चेहऱ्याचं पाणी. तुमचं आमचं एकच हाय ते. फक्त तुमी उतारा लावला."

दुकानाच्या दाराला सात-आठ निळी पाती तारेनं टांगलेली होती. मला वाटलं, शोभेसाठी. शहेबाज म्हणाला, "ती अब्बांची शरम आहे." त्यांच्या उस्तादांची रीत होती. ज्याच्या हातून पाण्याचं पातं बिघडलं त्यानं ते दाराला टांगायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. कारागिराची चूक कारागिराच्या दारात. तीस वर्षांत आठ.

"एक माझ्या हातून गेलं होतं," शहेबाज म्हणाला. "तेही अब्बा स्वतःचंच म्हणतात."

मग मी चाचांना कंबलांची गोष्ट सांगितली. आमच्या घराबाहेर मी ती पहिल्यांदाच सांगत होतो. चाचांनी चाक पुन्हा सुरू केलं, बराच वेळ एक विळा घासला, तो आधीच धारदार होता, आणि म्हणाले, "माझ्या फोनात दोन सिम हायत. दुसरा नंबर लिहून घे. तुझा बाप मी."

तालीम लगेच सुरू झाली. चाचा कामात पक्के होते.

"शेती किती?"

"साडेतीन एकर."

"काय पेरलं?"

"सोयाबीन."

"बैल?"

"नाहीत."

"एक घेऊ की. बैल नसंल तर बोलायला काय ऱ्हायलं?"

असा आमच्या घरी एक बैल आला. चाचांनी घसा खाकरला. "हाव साहेब. मी शेषेराव बोलून राहिलो. नांगरून राहिलो व्हतो."

आतून जन्नतबी, शहेबाजची अम्मी, ओरडली, "तुम शेषेराव, तो मैं कौन?"

"तुला फोन येणार न्हाई, तू चहा टाक!"

दुसऱ्या दिवशी क्लासच्या ऑफिसात मी "पालकांचा बदललेला क्रमांक" असा अर्ज भरला. तिथले कारकून मडिवाळप्पा देगलूरकडचे, तीन भाषांत जांभई देणारे. त्यांनी न वाचता शिक्का मारला.

पुढच्या रविवारी मला उणे अकरा मार्क पडले. हे समजून घ्यायला हवं. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. एकशेऐंशी प्रश्नांना डोळे मिटून गोळे काळे केले असते तर सरासरीनं पंचेचाळीस पडतात. म्हणजे डोळे उघडे ठेवल्यानं माझं छपन्न मार्कांचं नुकसान झालं. मी चारशेंत शेवटचा होतो. शहेबाज शेवटून तिसरा.

हे आम्ही तालमीत धरलं नव्हतं. चाचांना एकाच सकाळी दोनदा बाप व्हायचं होतं.

सोमवारी शहेबाज आधी वर गेला. सरांनी फोन लावला. पलीकडं चाकाची घरघर, मग चाचांचा आवाज, हॉलभर.

"जी सर. जी. मैं गफूर. बोला सर."

"घरात माणसं किती?"

"पाच, सर."

सर आमच्याकडं वळले. "ऐका. पाच माणसं गावाच्या सुऱ्याकात्र्यांना धार लावतात. आणि घरातल्या या एका डोक्याला धार लावणं पाचातल्या एकालाही जमलं नाही." हसू. "बोथट निघालाय गफूरभाई. काय करू? भंगारात घालू?"

मी वाट बघत होतो. ज्या माणसानं मला पाणी म्हणजे काय ते सांगितलं होतं, तो आता बोलणार. घरघर थांबली. चाचा म्हणाले, "तुमी मोठे हाव सर. तुमच्या मनाला यील ते करा. मारा, हाणा. शुक्रिया सर. थँक्यू."

शहेबाज खाली आला आणि माझ्या शेजारी बसला. बराच वेळ बुटाच्या नाडीची भोकं मोजल्यासारखा बघत होता. म्हणाला, "अब्बा घरात कुणालाच थँक्यू म्हणत नाहीत. त्यांना तो शब्द येतो हेच मला माहीत नव्हतं."

मला त्या क्षणी कुणाला तरी मारावंसं वाटलं. कुणाला ते ठरवता येत नव्हतं, म्हणून बसून राहिलो. मधला एक जण झाला. मग माझं नाव.

"सत्यम शेषेराव. उणे अकरा," सर माईकमध्ये म्हणाले. "शून्याच्या खाली तळघर असतं, पोरांनो. हे साहेब तिथं राहतात. बघू, घरमालक काय म्हणतात."

फोन लागला.

"हाव, मी शेषेराव बोलून राहिलो."

"घरात माणसं किती?"

घरघर एकदम बंद. फोन कटला का म्हणून सरांनी बघितलं.

"का?" चाचा म्हणाले.

"का म्हणजे?"

"माणसं कशाला मोजून राहिले? जेवायला येताव का?"

हॉलमध्ये हसू आलं. सरांवर आलेलं ते पहिलं हसू. ते आपलं नाही हे सरांना कळायलाही जरा वेळ लागला.

"शेषेराव, तुमच्या पोराला उणे अकरा मार्क..."

"पोरगं तुमच्या हातात दिलं तवा नीट व्हतं. साळंत पहिलं यायचं. दहा महिने तुमी चाकावर धरलं. आता निळं पडलं तर मला फोन करताव? हात कुणाचा व्हता? आन् वर ठिणग्या दाखवून ऱ्हायले चारशे जणाला! आमच्यात असा कारागीर असंल ना, तर त्याला दुकानाच्या फळीवर चढू देत न्हाईत. स्वतःची शरम दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात बांधताव? तोंडाचं पाणी काय मास्तर देतो का, तर मास्तरनं उतरवावं?"

स्वतःच्या पोरासाठी हात जोडणारा माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी असा बोलत होता. मला वाटलं, झालं. जिंकलो. आणि तेवढ्यात फोनमध्ये लांबून एक म्हातारा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"गफूरभाई, माझा अडकित्ता झाला का?"

आणि गफूरचाचा, तीस वर्षांचे दुकानदार, सवयीनं म्हणाले, "पाच मिन्ट, मामा."

सर हसले. हळू, खुशीत. "गफूरभाई?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "शेषेराव."

"काय पेरलंय यंदा, शेषेराव? अडकित्ते?"

"...बैल हाय माझ्याकडं," चाचा म्हणाले. तालमीतलं तेवढंच उरलं होतं.

सरांनी फोन कापला. "बनावट दाखले बघितले होते," ते माईकमध्ये म्हणाले. "बनावट बाप पहिल्यांदा बघतोय. मडिवाळप्पा, याचा प्रवेशअर्ज आणा."

अर्जावर आबांचा खरा नंबर होता. माझ्याच अक्षरात.

मी सरांच्या अगदी जवळ गेलो आणि हळू म्हणालो, "सर, मला काय करायचं ते करा. वर्षभर उभा राहतो. आबांना माईकवर नका घेऊ."

सरांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि माईकमध्ये म्हणाले, "याच्या आबांना माईकची ॲलर्जी आहे म्हणे. औषध देऊ."

फोन लागला. कंपनीनं परस्पर लावलेली भजनाची धून वाजली. मग आबा.

"हॅलो?"

आणि त्यांना ती घूं ऐकू आली. त्यांचंच हॅलो हॉलभर फिरून त्यांच्या कानात परत गेलं, तिच्यासकट. मला त्यांचा श्वास ऐकू आला. चारशे जणांना ऐकू आला.

"शेषेराव का?" सर म्हणाले. "खरे? घरात माणसं किती?"

मग एक आवाज आला. आबांचा आवाज जाड आहे, तंबाखूचा. हा तसला नव्हता. हा पंधरा वर्षांचा होता.

"एक," आबा म्हणाले. "एक, साहेब. एक. तिन्ही कंबलं वापस केलीत."

तीन वेळा. मागं ऐकू जावं म्हणून.

हॉलला काही कळलं नाही. सरांनाही नाही, पण न कळल्यानं ते कधी थांबले नव्हते. "एक?" ते म्हणाले. "मग हे समोर उणे अकरा घेऊन उभं आहे ते कोण? भूत?"

दोघंतिघं हसले.

मी सरांच्या हातातल्या माईकला धरलं. ओढला नाही, नुसता धरला, त्यांच्या मुठीवरून, आणि तोंड जवळ नेलं.  

"आबा, मी सत्यम. चार हाव आपण. तुमी, आई, सुकन्या, मी. चार सांगा."

श्वास.

"आबा, चार म्हणा. खोटं न्हाई ते. तवाबी खोटं नव्हतं."

सर मूठ सोडवून घ्यायला बघत होते. मी सोडली नाही. सरांचं मनगट भलतंच मऊ निघालं.

"चार," आबा म्हणाले. त्यांचा आवाज अजून नीट झाला नव्हता. मग ते खोकले, थुंकले, आणि आवाज जागेवर आला. "चार लिवा. आन् मागचे तीन. आई, बाप, आन् आमची बारकी. सात लिवा सात."

मग आबांनीच विचारलं.

"लिवलं का?"

सरांच्या हातात लिहायला काही नव्हतं.

"आन् तुमचं कंबल नको," आबा म्हणाले. "घाला चुलीत." आणि फोन त्यांनी ठेवला. आजवर सरांचा फोन आधी कुणी ठेवला नव्हता.

खाली, पुढच्या रांगेत, बिलोलीच्या त्या पोरीनं पाणउताऱ्याची वही उघडली आणि तीत पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.

"ठीक आहे, पुढचा," सर म्हणाले. पण पुढचा नव्हता. मी शेवटचा होतो. सरांनी माईक हिसकला, मी धरून होतो, आणि आमच्या ओढाओढीत तार तुटली. त्यानंतर सर बोलत होते, बरंच आणि मोठ्यानं. चौथ्या रांगेच्या मागं काही ऐकू गेलं नाही, असं नंतर कळलं.

साडेदहाला नाश्ता झाला. पोहे होते.

मला आणि शहेबाजला काढून टाकल्याचं पत्र दुपारी मिळालं. कारणं दोन: "बनावट पालक सादर करणे" आणि "संस्थेचा माईक परत न करणे". दोन्ही खरी होती. माईक माझ्या हातातच राहिला होता. नांदेडच्या बसमध्ये बसल्यावर पत्र वाचलं, तेव्हा लक्षात आलं.

तो आता नांदेडला आहे. गफूरचाचांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि तार गुंडाळून दाराला टांगला, निळ्या पात्यांच्या रांगेत. मी म्हणालो, "चाचा, ही तर अमृतराव सरांची शरम आहे."

"न्हाई," चाचा म्हणाले. "माझी. तुझ्या वक्ताला बोललो मी. शहेबाजच्या वक्ताला थँक्यू म्हणलो." शहेबाज आत कात्र्या पुसत होता. त्यानं मान वर केली नाही, पण पुसायचं थांबला.

आबा मला न्यायला आले ते थेट त्या दुकानात. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"तुमीच का मी?" आबा म्हणाले.

"हाव. मीच तुमी," चाचा म्हणाले. "बैल कसा हाय आपला?"

आबा हसले नाहीत. दाराकडं बघत होते. त्यांनी हात वर करून माईकच्या जाळीला बोट लावलं, गरम आहे का बघतात तसं.

"चालू हाय का?"

"तार तुटलीय."

"बरं," आबा म्हणाले, आणि त्याच्याच खाली पायरीवर बसले. पाठ माईककडं करून नाही, तोंड करून.

उत्तुंगवेध क्लास अजून चालू आहे. शेवटच्या दहांचे फोन अजून लागतात, प्रश्न तोच आहे, आणि पलीकडून अजून थँक्यू येतं. बिलोलीच्या पोरीनं कळवलं, नवा माईक बिनतारी आहे. म्हणजे तोडायला तारही ठेवली नाही हरामखोरानं.